आमची व्हॅन, त्यांचं पाल

आमच्या व्हॅनची सगळ्यात जास्त चाललेली रील एकतीस सेकंदांची आहे. हंपीजवळ, कमलापूरच्या बाहेर मोठमोठ्या दगडांमागून सूर्य वर येतोय. गाडीचं मागचं दार उघडं आहे, आत पांघरुणाच्या घडीशेजारी चहाचे दोन कप आहेत आणि मी केस बांधत बाहेर बघतेय. खाली कमेंट्सचा पाऊस. "हेच खरं आयुष्य." "ताई, नोकरी सोडली का?" "आमच्या नशिबात कधी?" एकीने लिहिलं होतं, "घराच्या भिंती तोडून जगणारी माणसं."

त्या कमेंटला मी लाल बदाम दिला. तो परत घ्यायचा म्हणून हा लेख.

कारण आम्ही एकही भिंत तोडलेली नाही. पुण्यात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, त्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. आम्ही तेरा दिवस बाहेर होतो तेव्हा शेजारच्या काकू झाडांना पाणी घालत होत्या. ज्या गाडीला आम्ही 'चाकांवरचं घर' म्हणतो, ती आधी एका शाळेची मिनीबस होती. सीट काढून प्लायवूडचा पलंग, दीडशे लिटरची पाण्याची टाकी, दोन बॅटऱ्या आणि छतावर सौर पॅनल बसवायला, गाडीच्या किमतीसकट, सात लाखांच्या वर गेले. आणि रीलवर मी काय बोलले? "कमी सामानात जगायला शिका."

आणखी एक गंमत. गाडीचं रूप बदललं की त्याची रीतसर मंजुरी घ्यावी लागते, आरसीवर नोंद लागते. त्यासाठी आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, विजेचं बिल. म्हणजे चाकांवरच्या घराला आधी जमिनीवरचं घर लागतं. आमची भटकंती एका फ्लॅटच्या पत्त्यावर नोंदलेली आहे. हे सगळ्या व्हॅनवाल्यांना ठाऊक असतं. रीलमध्ये ते कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं.

खंबाटकी

आम्ही डिसेंबरात निघालो. ठरवलेला रस्ता असा: पुणे, कोल्हापूर, खिद्रापूर, बदामी, पट्टदकल, हंपी, मग विजयपूर, सोलापूर, पंढरपूर आणि घर. सुमारे चौदाशे किलोमीटर.

पहिल्याच दिवशी खंबाटकी घाट चढताना काटा लाल रेषेत गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. मी घाईघाईने बाटली घेऊन उतरले. मागे एक ट्रक थांबला होता. त्याचा ड्रायव्हर लांबूनच ओरडला, "झाकण उघडू नका! तोंड भाजेल!" मग त्याने आम्हाला अर्धा तास नुसतं बसवून ठेवलं. इंजिन निवल्यावर रेडिएटरचा पाइप दाखवला, बोटभर चीर गेली होती. जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून त्याने ती पाइपावर ताणून ताणून गुंडाळली, वरून तार आवळली, आमच्याच टाकीतलं पाणी भरलं आणि म्हणाला, "साताऱ्यात नवीन टाका. तोवर पळवू नका."

पैसे घेतले नाहीत. सांगोल्याकडचा होता. त्याची केबिन मी बघितली: सीटमागे अंथरूण, छोटा स्टोव्ह, तिखटमिठाचे डबे, विठोबाचा फोटो, वाळत घातलेला टॉवेल. महिन्यातले वीस दिवस तो तिथेच झोपतो, तिथेच जेवतो, आणि बायकोशी बोलतोही तिथूनच, रात्री, गाडी बाजूला लावून. मी हसत म्हटलं, "मग तुमचंही आमच्यासारखंच." तो म्हणाला, "आमचं कुठलं ताई. तुम्ही थांबता तिथं मुक्काम. आम्ही थांबलो की मालकाचा फोन."

मला ते वाक्य तेव्हा नीट कळलं नाही.

पाटा

तिसऱ्या दिवशी, शिरोळ तालुक्यात, खिद्रापूर दहा-बारा किलोमीटरवर असताना मागून 'खाड्' असा आवाज आला आणि गाडी डावीकडे बसली. उसाचे दिवस होते. रस्त्याने टायरच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, रस्ताभर पाचट. आमच्यामागे पंधरा मिनिटांत रांग लागली. कुणी शिवी दिली नाही. ऊसवाल्यांनीच ढकलून गाडी एका गॅरेजसमोर आणली.

गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, चिंचेचं झाड आणि तेलाने काळी झालेली जमीन. मिस्त्री साठीचे. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "मेन पाटा गेला." मग आत डोकावून टाकी बघितली, बॅटऱ्या बघितल्या आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, घर बांधलंय तुम्ही, गाडी नाय. पाणी एका अंगाला, बॅटऱ्या त्याच अंगाला. पाटा बिचारा किती सोसंल?"

सात लाखांत कुणी आम्हाला हे सांगितलं नव्हतं. व्हॅन बनवून देणाऱ्याने लाकडाच्या रंगाचे सतरा नमुने दाखवले होते. वजन कुठल्या चाकावर किती पडेल, हा प्रश्न त्याने काढला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

पाटा इचलकरंजीहून मागवायचा होता, म्हणजे रात्र तिथेच. मिस्त्रींनी जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे सरकवले, गंजलेल्या यू-बोल्टवर रॉकेल सोडलं आणि पान्याला लांब पाइप लावून सगळं अंग त्यावर टाकलं. मी मोबाइल काढला. संध्याकाळचा उजेड चांगला होता, चिंचेच्या फांद्यांतून गाडीवर येत होता. आणि मी म्हटलं, "मिस्त्री, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

ते झाले बाजूला. साठ वर्षांचा माणूस, माझ्या गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि माझा शॉट होईपर्यंत चिंचेला टेकून उभा राहिला.

या लेखातलं सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. आमच्या 'मुक्त आयुष्याचा' प्रत्येक फोटो असाच निघतो. कुणाला तरी फ्रेमबाहेर उभं करून.

शेजार

गॅरेजच्या पलीकडे एक पाल होतं. बांबूच्या कमानीवर टाकलेली निळी ताडपत्री, पुढे जमिनीत पुरलेली ऐरण, हाताने फिरवायचा पंखा लावलेली भट्टी. घिसाडी कुटुंब. नवरा, बायको, तीन मुलं, एक शेळी. मुक्कामाला ऊस पडतो तिथे यायचं, कोयते, खुरपी, विळे, कुऱ्हाडी बनवायच्या आणि शेवटायच्या, हंगाम संपला की पुढे.

तुटलेला पाटा बाजूला पडला होता. मला तो आठवण म्हणून ठेवायचा होता, व्हिडिओत बरा दिसला असता. तो माणूस आला, पाटा हातात घेऊन तोलला आणि म्हणाला, "ताई, हे देता का? विकत घेतो." मी विचारलं, कशाला? तर म्हणे, गाडीच्या पाट्यासारखं लोखंड नाही. कोयत्याला तेच लागतं. धार धरतं, लवकर वाकत नाही.

रात्री आम्ही त्यांच्या भट्टीपुढे बसलो. नवऱ्याने पाटा लाल केला, सांडशीत धरला, आणि घण मारायला बायको उभी राहिली. पदर खोचून, दोन्ही हातांनी, डोक्यावरून. एका ठेक्यात, नवऱ्याच्या लहान हातोड्याच्या खुणेवर. अर्धा तास थांबली नाही. लहानगं पोर पालात झोपलेलं.

मी गाडी चालवते, या एका गोष्टीवर माझ्या रीलखाली शेकडो कमेंट्स आहेत. "बाई असून एवढी मोठी गाडी, कमाल!" घण मारणाऱ्या त्या बाईने मला विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" पुणे म्हटलं. "घर हाय?" आहे. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खरंच न कळल्यासारखं विचारलं, "मग हिंडता कशाला?"

मी हसले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलांच्या शाळेचं विचारलं तर म्हणाली, "नाव हाय गावाकडच्या शाळेत." नाव गावाकडे आणि मुलगी इथे, पंखा फिरवत. मोठी दहा वर्षांची असेल. चार पावसाळी महिने गावाकडे, आठ महिने रस्त्यावर. तिला शाळेत जावंसं वाटतं का, असा मूर्ख प्रश्न मी विचारला नाही, एवढं तरी नशीब.

दुसऱ्या दिवशी पाटा येईपर्यंत मिस्त्रींच्या मोटारसायकलवर आम्ही खिद्रापूरला जाऊन आलो. कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही. मुद्दाम गोल ठेवलेलं मोकळं आकाश, खाली तेवढीच गोल शिळा आणि भोवती खांबांची वर्तुळं. बाहेर अधिष्ठानावर हत्तींची रांग, जणू अख्खं देऊळ त्यांच्या पाठीवर चाललंय. मी तिथे उभी राहून वर बघितलं आणि काल रात्रीची ताडपत्री आठवली. तिला दोन ठिकाणी भोकं होती, तीही आकाशच दाखवत होती. एका उघड्या छपराला आपण कला म्हणतो, दुसऱ्याला अतिक्रमण. हा विचार तिथे आला आणि पुढे सुटला नाही.

परत आलो तेव्हा पाटा बसला होता. शिवाय मिस्त्रींनी आपणहून एक बॅटरी उजव्या बाजूला सरकवली होती आणि एक जादा पाटा घातला होता. बिल तीन हजार आठशे. कोयते विकले गेले होते. आमच्या गाडीचं लोखंड तेव्हा कुठल्या तरी फडात ऊस तोडत होतं, बीडकडून आलेल्या कुणाच्या तरी हातात. तीही माणसं वर्षातले पाच-सहा महिने घर सोडून पाचटाच्या कोपीत राहतात. त्यांच्या कोपीसमोर उभं राहून "हेच खरं आयुष्य" म्हणायची हिंमत कुणाची आहे?

कारागिराचं नाव

बदामीत लेणी बघितली. तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इ.स. ५७८ चा शिलालेख आहे. तिथेच आमची वायरिंग जळाली, पंप बंद, दिवे बंद. एका पोराने कन्नड आणि मोडक्या हिंदीत दोन तास खपून अर्थिंगची सुटलेली वायर शोधली. तोपर्यंत मी शहाणी झाले होते, त्याला फ्रेमबाहेर काढलं नाही. पण त्याचं नाव विचारायचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी पट्टदकल. विरूपाक्षाचं देऊळ आठव्या शतकात राणी लोकमहादेवीने बांधवलं, नवरा दुसरा विक्रमादित्य पल्लवांवर विजय मिळवून आला म्हणून. १९८७ पासून पट्टदकलच्या देवळांचा समूह जागतिक वारशाच्या यादीत आहे. आणि त्या देवळावर राणीच्या नावाबरोबर ते बांधणाऱ्या स्थपतीचंही नाव कोरलेलं आहे: गुंड अनिवारिताचारी. त्याला 'त्रिभुवनाचारी' ही पदवी दिल्याची नोंद दगडात आहे.

आठव्या शतकातल्या राणीला, जिच्या हातात सगळी सत्ता होती, आपल्या कारागिराचं नाव भिंतीवर लिहावंसं वाटलं. त्या काळी समता नांदत होती असं माझं म्हणणं नाही. पण माझ्याकडे तर फुकटची भिंत आहे, कॅप्शनला हवी तेवढी जागा आहे, टॅग करायला एक बोट लागतं. आणि मी खाली लिहिलं होतं, "गाडीने थोडा त्रास दिला, पण आम्ही मार्ग काढला." आम्ही! आम्ही खुर्चीवर बसून चहा प्यायलो. मार्ग गाडीखाली झोपून दुसऱ्यांनी काढला.

एक रात्र, दोन मुक्काम

आता मूळ मुद्दा. हे घडलं नसतं तर हा लेख 'मिस्त्रींना धन्यवाद' इतक्यावर संपला असता.

परतीच्या वाटेवर, एका तालुक्याच्या गावाबाहेर, पेट्रोल पंपाशेजारच्या मोकळ्या जागेत आम्ही गाडी लावली. पंपवाल्याला विचारलं, तो म्हणाला, खुशाल राहा. त्याच जागेत, पन्नास पावलांवर, चार पालं होती. रात्री साडेदहाला पोलिसांची गाडी आली. दोघे आमच्याकडे आले. कुठले, काय करता? पुणे, दोघंही ऑफिसात. एक म्हणाला, "बघू का आतून?" मी आनंदाने दाखवलं. पलंग, सिंक, गॅस, चाकू-सुऱ्यांचा स्टँड, टूलबॉक्स. "एक नंबर आहे हो! किती पडले?" मग एक सेल्फी. जाताना नंबर देऊन गेले, "काही लागलं तर फोन करा मॅडम."

मग ते पालांकडे गेले. आवाज बदलला. काय बोलले ते सगळं ऐकू आलं नाही, पण बॅटरीचा झोत ताडपत्रीखाली फिरताना दिसला, एक म्हातारा हात जोडून उभा राहिलेला दिसला आणि शेवटचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं: "सकाळी इथं दिसला नाही पाहिजे."

सकाळी सातला मी चहा ठेवला तेव्हा चुलींची राख तेवढी होती.

जागा तीच होती. परवानगी त्यांनीही पंपवाल्याचीच घेतली असेल. सिलिंडर, चाकू, हत्यारं आमच्याकडे जास्त होती. कोयतीएवढी सुरी आमच्या भिंतीवर चुंबकाने लटकत होती आणि तिचं कौतुक झालं. फरक एवढाच होता की आम्ही भटकत होतो ती हौस होती आणि ते भटकत होते तो संशय.

हा संशय आपोआप उगवलेला नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखाद्या जमातीत जन्मलात एवढ्यावरून तुम्ही गुन्हेगार. नाव नोंदवा, हजेरी द्या, पास घेतल्याशिवाय हद्द ओलांडू नका. सोलापुरात तारेच्या कुंपणामागे अशी माणसं ठेवली होती, शहरातल्या त्या भागाला आजही लोक 'सेटलमेंट' म्हणतात. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं सोळा दिवसांनी. पण बॅटरीचा तो झोत, ताडपत्रीखाली फिरणारा, १८७१ चाच आहे.

आणि आता कागदांचं बघा. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या माणसाला जातीचा दाखला हवा असेल तर कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा मागतात. पुन्हा वाचा. ज्यांची ओळखच 'भटके' आहे, त्यांना सरकार विचारतं की १९६१ साली तुम्ही कुठे राहत होता, कागद दाखवा. कागद नसेल तर चौकशी करून दाखला देण्याची सोय आहे, हे खरं. पण चौकशीसाठी महिन्याभराने माणूस येतो तेव्हा पाल पुढच्या तालुक्यात गेलेलं असतं.

याच राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. माझ्यासारख्यांसाठी. मोकळ्या जागेत कॅराव्हॅन पार्क, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि उभारणाऱ्यांना सवलती. मी त्या धोरणाच्या विरोधात नाही, मला ते पार्क हवे आहेत. बाई म्हणून तर फारच हवेत. रात्री अंधारात पंपाच्या संडासापर्यंत चालत जाणं काय असतं ते मी तेरा दिवस बघितलंय. पण त्या पालांतल्या बाया तर संडासाकडे गेल्याच नाहीत. पंपावरचा पोऱ्या त्यांना जाऊ देत नव्हता. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला पाणी, वीज, संडास लागतो, हे सरकारला कळतं. फक्त तो हौसेने राहत असला पाहिजे.

चालत्या माणसाची सोय करता येत नाही, असं कुणी म्हणू नये. आषाढीला लाखो माणसं पालख्यांबरोबर चालतात. मुक्कामाला मैदानं ठरलेली असतात, टँकर येतात, फिरती शौचालयं लागतात, दवाखाने लागतात, गावं भाकऱ्या थापतात. आपल्याला हे उत्तम जमतं. कुणासाठी करायचं, हे आपण ठरवलेलं आहे.

मंगळवेढ्याचं पंक्चर

सोलापूरहून पंढरपूरला जाताना मंगळवेढ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. पंक्चरवाला केरळचा, अस्खलित मराठी बोलणारा. चाक पाण्यात बुडवून बुडबुडे शोधेपर्यंत बाकड्यावरच्या एका आजोबांशी गप्पा झाल्या. मी रात्रीचा प्रकार सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हाकललं न्हवं? मारलं तर नाही." आणि मग, "राईनपाड्याची माणसं आमच्या तालुक्यातली."

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा. आठवडी बाजाराचा रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागायला तिथे पोचले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून ठेचून मारलं. लोकांनी त्याचे व्हिडिओ काढले, ते पुन्हा त्याच फोनवरून फिरले.

तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय, तसाच फोन. अनोळखी माणूस रस्त्यावर दिसला की त्याच्याविषयी काय वाटावं, हे तोच फोन आपल्याला शिकवतो. आमच्या गाडीच्या रीलने शिकवलं: वाव. त्या फॉरवर्डने शिकवलं: मारा. दोन्हीकडे माणसं घरापासून लांब आलेली, दोन्हीकडे स्थानिकांना अनोळखी. आम्हीही बदामीत एका लहान मुलीला बिस्किटाचा पुडा दिला होता. तिची आई हसली.

तुम्ही म्हणाल

"मग आम्ही फिरूच नये का?" फिरा. मीही फिरणार आहे, टाकी आता मधोमध बसवून घेतलीय. माझं भांडण फिरण्याशी नाही. ते आपण फिरण्याला जे नाव देतो त्याच्याशी आहे. सुट्टीला सुट्टी म्हणा. तिला स्वातंत्र्य म्हणायचं असेल तर ते कुणाकुणाला आहे याचा हिशोब द्यावा लागेल.

"पण त्यांच्यातले काही जण चोऱ्या करतात, म्हणून पोलीस विचारतात." चोरी करतो तो चोर. पुण्यात माझी दुचाकी चोरीला गेली होती, ती नेणारा सोसायटीत राहणारा निघाला. त्यानंतर कुणी सोसायट्यांवर रात्री बॅटरीचा झोत मारत फिरलं नाही.

"त्यांना घरं दिली तरी राहत नाहीत, त्यांना भटकायलाच आवडतं." हे मला एका उच्चशिक्षित व्हॅनवाल्याने सांगितलं, जो स्वतः 'भटकणं रक्तात आहे' असं बायोमध्ये लिहितो. त्या घिसाडी बाईला गावाकडे पावसाळ्यात न गळणारं छप्पर हवंय आणि उरलेले आठ महिने, धंद्याच्या जागी, कुणी न हाकलणारी वीस फूट जमीन. तिला दोन्ही लागतं, जसं मला फ्लॅट आणि व्हॅन दोन्ही लागते. माझ्याबाबतीत यात कुणाला विरोधाभास दिसत नाही.

आणि ज्यांना चाकावरच्या, पाठीवरच्या घराचं खरं वर्णन वाचायचंय, त्यांनी लक्ष्मण मानेंचं 'उपरा' वाचावं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचावं. मराठीत १९८० पासून हे छापलेलं आहे. आम्ही व्हॅनवाले मात्र परदेशी यूट्यूबरांकडून शिकतो की रस्त्यावर कसं राहायचं.

मागणं

माझं मागणं मोठं नाही. सार्वजनिक जमिनीवर, सवलतीच्या पैशांत जो कॅराव्हॅन पार्क होईल, त्याचा एक नळ आणि एक संडास पालांना खुला असावा, फुकट. ऊस आणि जत्रांच्या वाटांवर तालुक्यागणिक एक मुक्कामाची जागा ठरवून पाटी लावावी, म्हणजे पोलिसांनाही हाकलण्याऐवजी 'तिकडे जा' म्हणता येईल. जिथे पाल पडेल तिथल्या शाळेत मुलाला त्या दिवशी बसू द्यावं आणि ती हजेरी गावाकडच्या शाळेनेही धरावी.

आणि आपल्याकडून, फोनवाल्यांकडून: ज्याने गाडी उभी केली त्याला विचारून, त्याची परवानगी असेल तर नावानिशी दाखवा. पालांत शिरून, झोपलेल्या पोरांवर कॅमेरा धरून 'साधं जीवन' शूट करू नका. 'टोळी आलीय' हा मेसेज पुढे पाठवू नका, कुणीही पाठवलेला असो, अगदी तुमच्या मामाने.

मी ती एकतीस सेकंदांची रील काढून टाकलेली नाही. तिच्याखाली एक दुसरी टाकली, चार मिनिटांची. तिच्यात ट्यूबची पट्टी आहे, जॅक आहे, रात्रीची राख आहे. शिरोळच्या मिस्त्रींना फोन करून विचारलं, तुमचा फोटो टाकू का? म्हणाले, "टाका की. पर तवा तर बाजूला हो म्हनला हुता." पहिल्या आठवड्यात ती जेमतेम हजार जणांनी बघितली. एकाने लिहिलं, "मूड खराब केलास."

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर मला परतताना, खंबाटकीच्या बोगद्यात सुचलं. घर असताना मी हिंडते कशाला? हिंडू शकते म्हणून. कुठेही गाडी लावली तरी सकाळी सात वाजता मला तिथे चहा ठेवता येतो म्हणून. पुढच्या हंगामात शिरोळला जाईन तेव्हा हे तिला सांगायचं आहे. ती त्या चिंचेपाशी असली तर. तिला तिथे राहू दिलं असलं तर.